ब्रॅडफर्डच्या लॉककीपर काकांना

प्रिय काका,

ताई तुम्हाला हे इंग्रजीत वाचून दाखवेलच. पण त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते आमच्या लोकांनाही कळावं म्हणून मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे.

माझ्या बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर गेली. कालवा म्हणजे उसाला पाणी, पाळीपाळीने. त्यातून माणसं घरासारखी बोट घेऊन निवांत फिरतात, हे त्यांना पटतच नव्हतं. म्हणून ताईने इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर दिवसभरासाठी नॅरोबोट घेतली. जेमतेम सात फूट रुंद आणि लांबच लांब. वेगमर्यादा ताशी चार मैल, त्यामुळे काठावरून चालणारे आमच्या पुढे जात होते. बाबा मात्र बोटीपेक्षा पाण्याकडे आणि काठाच्या बांधकामाकडेच बघत होते.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या लॉकशी, म्हणजे पाणी कमी-जास्त करून बोट खाली-वर नेणाऱ्या दारांच्या हौदाशी, तुम्ही हे ओळखलंत. 'बाजूला उभे राहा' असं म्हणणं सोपं होतं. तुम्ही बाबांच्या हातात विंडलसचं, म्हणजे पाण्याची झडप उचलायचं, हँडल दिलंत. दाती चाकावरची खिट्टी खटखट वाजत गेली, झडप उचलली गेली आणि आमची बोट हिरव्यागार ओल्या भिंतींमधून खाली उतरू लागली. मागच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्यावर बोट अडकू नये म्हणून तुम्ही ताईला सारखं पुढे राहायला सांगत होतात आणि त्याच वेळी बाबांना समजावतही होतात: पंप नाही, मोटार नाही, दोन्ही बाजूंचं पाणी सारखं होईपर्यंत दार कितीही रेटलं तरी उघडणार नाही. बाबांनी पाठ लावून तो लाकडी दांडा रेटला. पंच्याहत्तरीतला माणूस, पण चेहरा नोकरीच्या पहिल्या दिवसासारखा!

मग तुम्ही सांगितलंत की १८१० साली पूर्ण झालेला, जॉन रेनीने बांधलेला हा कालवा रेल्वे आल्यावर मागे पडला, पुढे बंदच झाला. लोकांनी वर्षानुवर्षं गाळ उपसून, पैसे जमवून तो पुन्हा चालू केला आणि १९९० साली राणीच्या हस्ते तो खुला झाला. तुम्हीही पगाराशिवायच येता, हे कळल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. एखादं काम कोणी स्वतःहून इतकं जपावं, याचं मोल त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पुढे अ‍ॅव्हनक्लिफला आणि डुंडासला कालवा नदीवरून पुलावर जातो. खाली नदी, वर आपण बोटीत! तुम्ही आधीच सांगून ठेवल्यामुळे बाबांनी दोन्हीकडे उतरून दगड हाताने चाचपून पाहिले.

काका, मनापासून आभार. बाबांचा निरोप आहे: बारामतीला याच. आवर्तन सुटलं असेल तेव्हा या, म्हणजे आमचा कालवा भरलेला दिसेल. राहायचं आमच्याकडेच.

आपली,
बाबांची धाकटी लेक