जाहीर आभारपत्र : आमच्या क्लीनरूमच्या मामांना

छत्रपती संभाजीनगर

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली आणि 'साफसफाई विभागातील प्रामाणिक सेवा' असा तुमचा गौरवही झाला. तो ऐकताना मला राहून राहून वाटत होते की, आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेला तुम्ही जे दिले त्याचा या शब्दांत कुठेच पत्ता लागत नाही. म्हणून हे पत्र घरी न पाठवता जाहीरपणे लिहीत आहे.

एम.एस्सी. करून मी वाळूजच्या औषध कारखान्यात रुजू झाले तेव्हा क्लीनरूमचे, म्हणजे गाळलेली हवा सोडून अतिशय स्वच्छ राखलेल्या खोल्यांचे, आकडे मला पाठ होते. इंजेक्शने भरण्याच्या जागी, म्हणजे ग्रेड ए या सर्वांत स्वच्छ दर्जाच्या जागेत, एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे कण 3,520 पेक्षा जास्त असता कामा नयेत. हवा गाळणारा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. वेगवेगळ्या ग्रेडच्या दोन लगतच्या खोल्यांत हवेचा किमान 10 पास्कलचा (पास्कल हे दाबाचे एकक) दाबफरक राखावा लागतो, म्हणजे कमी स्वच्छ खोलीतली हवा आत शिरत नाही. मात्र फिल्टरमधून गाळून आलेली हवा खराब होते ती मुख्यतः आत वावरणाऱ्या माणसांमुळे, त्यांच्या कातडीच्या सूक्ष्म पापुद्र्यांमुळे आणि हालचालींमुळे, ही गोष्ट मला तुमच्याकडून समजली. नवा आलेला प्रत्येक जण आत भरभर चालतो, कारण बाहेर आपण भरभर चालण्यालाच कामसूपणा मानतो. तुम्ही मात्र अशा वेळी हाताने थांबवून म्हणायचात, "म्याडम, पळायलाव कशाला? हवा बी पळायली की तुमच्या मागं." वरून सरळ खाली येणारा हवेचा प्रवाह माणसाच्या वेगाने विस्कटतो आणि खालचे कण जंतू तपासायला उघड्या ठेवलेल्या प्लेटपर्यंत पोहोचतात, हे आम्ही प्रशिक्षणात चित्र काढून समजावतो, तरी लोकांच्या लक्षात राहते ते तुमचे वाक्य.

गाऊन चढवण्याची तुमची रीत आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाकावर बसून तुम्ही कव्हरऑलच्या, म्हणजे अंगभर एकसंध पोशाखाच्या, दोन्ही बाह्या आणि दोन्ही पाय एका मुठीत गोळा करायचात, मग एकेक पाय सैल सोडून आत घालायचात, त्यामुळे कापडाचे टोकही जमिनीला लागत नसे. हूडची, म्हणजे डोक्यावरच्या टोपड्याची, कड गळपट्टीच्या आत, हातमोजे बाहीच्या कफावर, बाक ओलांडताना बूटकव्हर घातलेला पाय थेट स्वच्छ बाजूलाच टेकणार आणि शेवटी आरशात स्वतःला मागून-पुढून पाहणे. आत गेल्यावर हात कमरेच्या वर, अंगापासून जरा दूर. हे सगळे नियमपुस्तिकेत आहेच. परंतु पाळीच्या शेवटच्या तासाला, कोणी पाहत नसताना, ते जसेच्या तसे करणारा माणूस तुमच्याशिवाय मी क्वचितच पाहिला.

पुसण्याच्या कामातली तुमची शिस्त मला विशेष सांगावीशी वाटते. घर सारवताना बाई जशी आतल्या कोपऱ्यातून उंबऱ्याकडे मागे मागे येते, तसे तुम्ही सर्वांत स्वच्छ जागेपासून दाराकडे येत असा आणि मॉपचा प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत असा. जंतुनाशकाच्या लेबलवर दहा मिनिटे लिहिली असतील तर फरशी दहा मिनिटे ओली राहिलीच पाहिजे, अधेमध्ये वाळली तर पुन्हा ओली करायची, यात तुम्ही कोणाला सूट दिली नाही. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलवर आमचा भारी भरवसा असतो. त्यातल्या पाण्यामुळे ते सावकाश उडते आणि जंतूंच्या प्रथिनांवर नीट काम करते, म्हणून ते निव्वळ अल्कोहोलपेक्षा गुणकारी ठरते हे खरे. पण बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचे टणक सुप्त रूप, त्याने मरत नाहीत, त्यासाठी ठरलेल्या दिवशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरासेटिक आम्ल वापरावेच लागते. ती पाळी चुकू नये म्हणून तुम्ही दाराशी कॅलेंडर टांगले होते. हातात बर्नर असलेल्या मुलाने अल्कोहोलची बाटली उचलली की तुमचा आवाज चढायचा, आणि तो चढायलाच हवा होता. आडव्या प्रवाहाचे लॅमिनार टेबल काम करणाऱ्याच्या तोंडावर हवा फेकते, त्यावर रोगजंतूंची कल्चर, म्हणजे वाढवलेले नमुने, उघडू नयेत, त्यासाठी काम करणाऱ्यालाही जपणारे जैवसुरक्षा कॅबिनेटच हवे, हेही तुम्ही एका वाक्यात सांगितलेत : "हे टेबल माल वाचवतंय, माणूस नाही."

बांगड्यांचा प्रश्न तुम्ही ज्या हळुवारपणे सोडवलात, तसा तो आम्हा अधिकाऱ्यांना जमला नसता. परभणीकडून आलेली, नुकतेच लग्न झालेली एक मुलगी हिरवा चुडा आणि मंगळसूत्र काढायला तयार नव्हती. तिला नोटीस द्यावी असे वरून सुचवले गेले. तुम्ही तिला समजावलेत की, काचेच्या बांगडीवर हातमोजा ताणला जातो, फाटला तर आत कळतही नाही, आणि बांगडी फुटली तर काच तिच्याच मनगटात जाईल. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. बायकांच्या कपाटांना स्वतंत्र कुलपे आणि ज्याची किल्ली त्याच्याकडे, अशी सोय पाठपुरावा करून मिळवलीत. दागिना सुरक्षित राहणार याची खात्री पटल्यावर चुडा निघाला. मेंदी, पावडर, कुंकू, मनगटावरचे धागेदोरे यांबाबतही तुम्ही कोणाचा अपमान न करता नियम पाळून घेतलात.

याहून मोठी गोष्ट सर्दी-खोकल्याची. सर्दी झालेल्या, अंगावर खाज किंवा गजकर्ण असलेल्या माणसाने आत जाऊ नये, असा नियम सगळीकडे असतो. आमच्याकडेही होता, पण कंत्राटी मुलांना घरी पाठवले की त्या दिवसाची हजेरी बुडायची, त्यामुळे नोंदवहीत कोणाला कधी सर्दीच होत नव्हती! नियम करणाऱ्यांना या रिकाम्या रकान्याचे आश्चर्य वाटले नाही, हे मला आजही खटकते. अशा मुलाला त्या दिवशी बाहेरचे काम द्यावे आणि हजेरी कापू नये, ही मागणी तुम्ही लावून धरलीत. ती मान्य झाल्यावर मुले आपणहून सांगू लागली. माझ्या मते आमच्या विभागातील दूषितीकरण रोखण्यासाठी झालेली ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा होती, आणि ती कोणत्याही यंत्राची नव्हती.

आता त्या पावसाळ्याविषयी, ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले. गाऊनिंग रूममधल्या, म्हणजे पोशाख चढवण्याच्या खोलीतल्या, सेटल प्लेट्सवर (हवेतले जंतू पडून वाढावेत म्हणून उघड्या ठेवलेल्या बशांवर) बुरशीच्या वसाहती वाढू लागल्या होत्या. फिल्टरची गळती चाचणी झाली, ती निर्दोष आली. दाबफरक ठीक होता. मग नेहमीप्रमाणे संशय पुसणाऱ्या मुलांवर आला. बैठकांवर बैठका झाल्या, त्या बैठकांना तुम्हाला बोलावलेले नव्हते. तुम्ही मला कँटीनबाहेर गाठून एवढेच विचारलेत, "हातमोज्यांचे पुठ्ठ्याचे खोके कुठे उघडतात ते तुम्ही पाहिले का?" ते खोके गोदामातून ओलसर हवेत येऊन थेट गाऊनिंग रूममध्ये फुटत होते. पुठ्ठ्यात बुरशीचे बीजाणू दडून राहतात आणि फाडताना तंतूंबरोबर हवेत उडतात. खोके बाहेरच उघडायचे, आतली प्लॅस्टिकची पाकिटे बीजाणुनाशकाने पुसून पास बॉक्समधूनच (भिंतीत बसवलेल्या दोन दारांच्या पेटीतूनच) आत घ्यायची, असा बदल केल्यावर प्लेट्स पुन्हा पूर्वपदावर आल्या. अहवालात 'चौकशी पथकास मूळ कारण आढळले' असे लिहिले गेले. ते कारण पथकास नव्हे, तुम्हाला आढळले होते, हे मी येथे नोंदवत आहे.

2012 साली अमेरिकेत बुरशीने दूषित झालेली स्टेरॉइडची इंजेक्शने मणक्याजवळ दिली गेल्यामुळे 750 हून अधिक माणसे आजारी पडली आणि 60 हून अधिक दगावली. आमच्या प्लेट्सवरची बुरशी भरण्याच्या खोलीपासून दोन दारे अलीकडेच रोखली गेली, याचे मोल मला त्या घटनेमुळे नीट कळते. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात जालना, बीड आणि हिंगोलीकडची नवी मुले-मुली रुजू होत आहेत. गाऊनिंग आणि पुसण्याचा पहिला पाठ तुम्ही द्यावा, असे मी लेखी मागितले आहे, आणि या वेळी प्रशिक्षकाच्या रकान्यात तुमचे नाव व मानधन दोन्ही लिहून मंजूर करून घेतले आहे. गुडघा दुखत असेल तर गाडी घरी पाठवते. कोणता दिवस सोयीचा ते कळवावे.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील तुमची एक विद्यार्थिनी