सुलूस पत्र: दादांचा हात आणि माझा

विश्रामबाग, सांगली
रविवार दुपार

प्रिय सुलू,

फोनवर हे सांगणं जमणार नाही म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी चिडते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. सगळं एका बैठकीत लिहून होणार नाही. जिथे अक्षर मोठं आणि वाकडं दिसेल तिथे डाव्या हाताने लिहिलंय असं समज.

आधी एक विचारायचंय. तुझे दादा संध्याकाळी तारघरातून आले की उजव्या हाताला एरंडाचं पान गरम करून बांधायचे, आठवतं ना? पान नेमकं कुठे बांधायचे? मनगटाला, की कोपराच्या खाली? आणि त्यांची बोटं कुठली दुखायची, अंगठ्याकडची की करंगळीकडची? मला तो ओटा आठवतो, घंगाळ आठवतं, कुणी बोललं की दादा नुसतं "हं" म्हणायचे तेही आठवतं. पान कुठे असायचं तेवढंच आठवत नाही. काकूंना विचारून ठेव. कशासाठी ते पुढे येईलच.

घरचं सगळं ठीक. ह्यांची शुगर आटोक्यात आहे. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, आता त्या मालिका बघताना नट्यांच्या साड्यांच्या काठांवर बोलतात.

हात मात्र गेल्या दिवाळीत सांगितलं होतं त्याहून वाढलाय. कोपराच्या आतल्या बाजूने एक ठसठस निघते आणि करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटापर्यंत जाते. वर फऱ्याच्या हाडाशी सतत काहीतरी ओढल्यासारखं. रात्री जळजळ. वेणी घालायला हात वर केला की दंड शिशासारखा जड होतो, अर्धी वेणी सोडून हात खाली घ्यावा लागतो. दोरीवर कपडे वाळत घालणं, एसटीत वरचा दांडा धरणं, दोन्ही बंद. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही गं. सूज नाही, लाली नाही. भाजी घ्यायला गेले की शेजारच्या वहिनी म्हणतात, "तब्येत छान झाली की तुमची!"

कोर्टातलं तुला सांगायला हवं, कारण बाकी कुणाला ते कळतच नाही. मागच्या महिन्यात आमच्या न्यायाधीश मॅडम एका जामीन अर्जावर आदेश सांगत होत्या. मी उतरवून घेत होते, वेगही फार नव्हता. नंतर वही उघडली तर माझ्या सगळ्या रेघा एकसारख्या बारीक! इंग्रजी शॉर्टहँडमध्ये प ची रेघ बारीक आणि ब ची तीच रेघ ठसठशीत, ट-ड तसंच, क-ग तसंच. दाबच देता आला नव्हता. 'बेल' आणि 'पेल' मध्ये काही फरक उरला नव्हता. आदेश डोक्यात ताजा होता म्हणून बरोबर टाइप झाला. पण आपण दोघींनी त्या बारीक-जाड रेघांसाठी किती वह्या भरल्या होत्या! पेन्सिल जरा बोथट झाली तर क्लासचे सर परत छिलायला लावायचे. माझ्या हाताला जे येत होतं त्यातलं मुख्य तेच होतं, आणि ते माझ्यासमोर वहीत नव्हतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही.

आता डॉक्टरांचं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण होणार नाही.

आधी आपले नेहमीचे डॉक्टर. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, लावायला जेल, "टाइपिंग कमी करा." बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, साखर, संधिवाताच्या तपासण्या, सगळं रक्त ठीक आलं. मग हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय करायला लावला. त्यात मानेच्या सी-5 आणि सी-6 या मणक्यांमधली चकती किंचित पुढे आलेली दिसली, झालं, "मानेचा स्पॉन्डिलायसिस, पट्टा लावा." पट्टा लावून मी कोर्टात गेले तर शिरस्तेदारांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना आपापल्या मावशीची मान आठवली. हात तसाच. मला नंतर कळलं की जपानमध्ये मानेचं काहीही दुखणं नसलेल्या 1211 माणसांचे असेच एमआरआय काढले होते, 2015 साली ते छापून आलं, आणि त्यातल्या 87 टक्क्यांहून जास्त लोकांच्या चकत्या पुढे आलेल्या होत्या. विशीतल्या मुलामुलींतही बहुतेकांच्या! म्हणजे चकती दिसली म्हणून दुखणं तिथलंच, असं होत नाही. हे मला एमआरआयच्या आधी कुणी सांगितलं असतं तर त्या पट्ट्यात मी उन्हाळा काढला नसता.

त्यानंतर दुसरे एक म्हणाले कार्पल टनेल. मनगटाला रात्री पट्टी बांधून झोपायचं. मी म्हटलं, डॉक्टर, मनगटात दबते ती शीर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाकडे जाते ना, फार तर अनामिकेच्या अर्ध्या भागाकडे? माझी तर करंगळी दुखते. ते कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "तुम्ही लोक आधीच वाचून येता." सुलू, तेवीस वर्षं मी डॉक्टरांच्या जबान्या उतरवून घेतल्यात, सरतपासणी आणि उलटतपासणी दोन्ही. जखम कुठल्या बाजूला, किती लांब, कुठल्या बोटावर, याच्यावर वकील तास-तास झगडतात. आणि माझं कुठलं बोट दुखतं हे विचारायला कुणाला अर्धं मिनिट नव्हतं. मला त्याचा फार राग आला, अजून आहे.

मग मेंदूच्या डॉक्टरांकडे. त्यांनी नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांची तपासणी, करवली. हाताला ठिकठिकाणी शॉक देतात, मग स्नायूत सुई घालून मशीनवर बघतात. दुखतं, पण मी खुशीने करून घेतली, म्हटलं आता काय ते निघेल. रिपोर्ट आला: नॉर्मल. ह्यांनी येताना पेढे आणले. खरंच आणले! सासूबाईंनी देवापुढे ठेवले. आणि मी मोरीचा नळ सोडून आत रडत बसले. तुला नक्की कळेल, मला मोठा आजार हवा होता असं नाही. पण सगळ्यांच्या लेखी त्या दिवशी दुखणं संपलं, आणि माझा हात तर संध्याकाळी कुकरची शिट्टी काढायलाही उचलत नव्हता.

गोळ्यांचंही एक झालं. प्रीगॅबालिनने मला दिवसभर गरगरायचं, म्हणून ती बदलून रात्री अगदी कमी ताकदीची अमिट्रिप्टिलिन दिली. ही नसांच्या दुखण्यावर देतात. पण धाकट्या जाऊबाईंनी मोबाइलवर नाव घालून पाहिलं, तिथे निघालं नैराश्य. तेव्हापासून घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात. नणंदेने फोन करून "मन रमव" म्हणून सांगितलं. मन छान रमतं गं माझं, हात रमत नाही.

रजेचं वेगळंच. वैद्यकीय रजेच्या प्रमाणपत्रात आजाराचं नाव लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलं 'उजव्या हाताचे दुखणे'. कागद बघणारा पोरगा भला आहे, तो म्हणाला, "मॅडम, हे काय मी वर पाठवू? काहीतरी नाव आणा." मी तिथे उभी होते आणि मला एकदम आपले सर आठवले. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यांनी मशीनवर कार्बन घालून काढली होती, आणि शेवटची प्रत ज्यांना गेली त्यांना कार्यालयाचं नावच लागेना म्हणून ते भलत्याच लग्नात जेवून आले! ही गोष्ट तू सांगायचीस तेव्हा मी पोट धरून हसायचे. त्या पोरासमोर मला हसू आवरेना, आणि त्याला वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलंय.

(इथून डाव्या हाताने.)

आता खरी बातमी. परवा एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. इस्लामपूरकडची आहे, आपल्या पोरींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आधी कागद बघितलेच नाहीत. म्हणाली, ताई, काम कसं करता ते करून दाखवा. टेबलाशी बसवलं, वही धरायला लावली. मग दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला घेऊन, कोपरात काटकोन करून, वर धरायला लावले आणि सांगितलं, तीन मिनिटं मुठी उघडा आणि मिटा. डावा हात निमूट चालला. उजवा अर्ध्यातच जड झाला, बोटं पांढुरकी पडली, करंगळी आखडली आणि हात आपोआप खाली आला. तिने माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "ताई, हे मला दिसतंय."

सुलू, इतक्या दिवसांत कुणीतरी पाहिलं.

तिचं म्हणणं असं की मानेच्या बाजूचे स्नायू, पहिली बरगडी आणि हासळीचं हाड यांच्यामधून हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या खाली उतरतात. तिथे जागा अपुरी पडली की हात वर केल्यावर त्या दबतात. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. काही जणांना तिथे जास्तीची बरगडी असते, माझ्या एक्स-रेत ती नाही. यातला जो प्रकार सगळ्यात जास्त आढळतो त्यात नर्व्ह कंडक्शन बहुतेक वेळा नॉर्मलच येते. तेच ऐकून मला पुन्हा रडू आलं. पण तिने लगेच सांगितलं की हेच आहे असं छातीठोकपणे म्हणता येईल अशी एकही तपासणी नाही, बाकीची कारणं एकेक करून वगळत जायचं. डॉक्टरांतही यावरून मतभेद आहेत. पुढे कदाचित मानेच्या त्या स्नायूत इंजेक्शन देऊन आराम पडतो का ते बघतील. तोवर व्यायाम, आणि श्वास खांदे उचलून न घेता पोटातून घ्यायचा. माझं टेबलही माझ्या मानाने उंच आहे म्हणे. सर ओरडायचे, "मनगट वर!", आणि आपण मनगटाबरोबर खांदेही वर ओढून बसायचो.

तिथेच दादांचा विषय निघाला. मी म्हटलं, आमच्या कामाने असं कुणाला होतं का? तर तिने सांगितलं की इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने 1713 साली कामगारांच्या रोगांवर लिहिताना कारकुनांचा हात लिहून ठेवलाय. एकाच जागी बसणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण, अशी तीन कारणं. तीन शतकांपूर्वीच्या माणसाने आपलं कोर्ट पाहिल्यासारखं! त्याच्या ओळखीचा एक लेखनिक होता, उजवा हात गेल्यावर तो डाव्याने लिहायला शिकला, आणि पुढे डावाही तसाच झाला. (हे डाव्या हाताने लिहिताना मला कसं वाटतंय ते तू समज.) आणि तारबाबूंना तर हे इतकं व्हायचं की इंग्लंडमध्ये 1908 साली त्यांच्या या हाताला नुकसानभरपाईच्या आजारांच्या यादीत घेतलं होतं.

1908! आणि दादा आपल्या ओट्यावर एरंडाचं पान बांधून बसायचे. त्यांनी ऑफिसात कधी सांगितलंच नाही, असं काकू म्हणायच्या. त्यांनी डॉक्टरला तरी सांगितलं होतं का गं? त्यांचं आणि माझं एकच असेल असं मी म्हणत नाही. दिवसभर तारयंत्राची ती कळ दाबणं वेगळं, माझं वेगळं. पण त्यांच्या दुखण्याला जगात कुठेतरी नाव होतं, कायद्याच्या यादीत जागा होती, आणि त्यांना ते कुणी सांगितलं नाही. रात्रभर मला हेच डाचत होतं आणि हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तार बंद झाली त्या दिवशी, 2013 च्या जुलैमध्ये, तू दादांच्या आठवणीने मला तार केली होतीस. ती कपाटात आहे. पण एवढी शेवटची तार, आणि त्यात तू काय लिहिलंस, तर खिडकीजवळचं मशीन माझंच. नव्हतं तुझं! मी सकाळी सातच्या बॅचला येऊन ते पुसून ठेवायचे आणि तू सव्वासातला येऊन बसायचीस. हे भांडण मी सोडणार नाही.

तुझं कसं चाललंय? डोंबिवलीच्या नव्या जागेत पाणी नीट येतं का? मुक्ताची बारावी म्हणजे तुझीच बारावी असणार, तिला जरा मोकळं सोड. बदलीचं काय झालं ते लिही.

आणि आता काम. त्या मुलीने मुंबईतल्या एका डॉक्टरांचं नाव दिलंय, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारची वेळ मिळालीय. ह्यांना मार्चएंडमुळे सुट्टी नाही, आणि ते आले तर डॉक्टरांनी काही म्हणायच्या आत "काळजीचं काही नाही ना?" विचारतात. मला तू हवीस. मी महालक्ष्मीने येते, सकाळी दादरला उतरेन, तू तिथे ये. येताना वही आणि दोन पेन्सिली आण. डॉक्टर बोलतील ते सगळं तुझ्या शॉर्टहँडमध्ये उतरवून घे, अगदी शब्दन् शब्द, मी विचारते ते प्रश्नही. माझ्याच्याने ते आता होत नाही, आणि तुझा मिनिटाला एकशेवीस शब्दांचा स्पीड अजून टिकलाय हे मला माहीत आहे. नंतर दोघी बसून वाचू.

गुरुवारी रजा मिळते का ते लगेच कळव. नाही मिळाली तर मी तारीख बदलून घेते, पण एकटी जाणार नाही.

तुझी,
मंगल