पगारवाढीनंतरच्या उदासीविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पगार वाढूनही सकाळी कामावर जावेसे वाटत नाही, हे सांगताना परवा फोनवर तुझा आवाज अपराध्यासारखा झाला होता. तसे वाटून घेऊ नकोस.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारले होते की, कामाबद्दल फार चांगले केव्हा वाटले आणि फार वाईट केव्हा. १९५९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. चांगले दिवस आठवताना लोक बहुधा फत्ते झालेले काम, मिळालेली दाद, अंगावर आलेली जबाबदारी यांविषयी बोलत; वाईट दिवस सांगताना मात्र कंपनीचे नियम, साहेबांची वागणूक, पगार. म्हणून पगार वाढला की तक्रार मिटते, पण तेवढ्याने गोडी लागतेच असे नाही, कारण या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. मला हे पटते, कारण मीही जन्मभर हिशेबच लिहिले.

एका मार्चअखेरीस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, २७० रुपयांनी जुळत नव्हती. फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार, हे ओळखून मी रात्री नऊपर्यंत खतावणी चाळली आणि ४,६३० च्या जागी ४,३६० सापडले. तो आनंद कोणत्याही बोनसने दिला नाही. मात्र मूळ पावती शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी जपून ठेवली होती म्हणून ती चूक सिद्ध झाली, हे मी सांगायचे विसरत आले. हर्झबर्ग यांच्यावरचा मोठा आक्षेप नेमका हाच आहे: यश माणूस स्वतःच्या नावे जमा करतो आणि अपयश कचेरीच्या नावे खर्ची टाकतो, त्यामुळे अशा आठवणींवर किती विसंबावे? आक्षेप रास्त आहे, तरीही पगार आणि गोडी यांची खाती वेगळी ठेवावीत, असेच माझे मत आहे.

पुढे हॅकमन आणि ओल्डहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी १९७६ साली कामाच्या घडणीकडेच लक्ष वेधले: काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हाती असावे, ते कसे करायचे याची मोकळीक असावी, ते कसे झाले हे कळावे. तुझ्याकडे मधलाच तुकडा येतो आणि पुढे त्याचे काय झाले ते तुला कळत नाही, असे तू म्हणाली होतीस. राजीनामा लिहिण्यापूर्वी एखादे काम अखेरपर्यंत स्वतःकडे मागून पाहा, आणि साहेब काय म्हणाले ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई