नव्या टीव्हीवर अंतराळ कसं बघायचं

टोरोंटो

प्रिय दादा,

सा. न. आई-बाबांना नमस्कार सांग. वहिनीची आणि चिंगीची आठवण येते.

नवा टीव्ही लागला, पण सिनेमे ‘सीरियलसारखे’ दिसतात, अंधारातल्या प्रसंगांत काहीच कळत नाही आणि बोलणं ऐकू येत नाही, असं तू फोनवर म्हणालास. टीव्ही ठीक आहे. कारखान्यातून तो दुकानासाठी लावून येतो. तिथे झगझगीत उजेडात ओळीने टीव्ही मांडलेले असतात आणि ज्याचं चित्र जास्त भडक, तिकडे गिऱ्हाइकाची नजर जाते. विज्ञानपटाला मात्र लागतो अंधार, शांतता आणि संथ फिरणारा कॅमेरा, आणि नेमकं हेच तीन ते सेटिंग खाऊन टाकतं. फोनवर मेन्यूची नावं सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी पिक्चर मोड. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ कर. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये जाहीर झाला आणि २०२० पासूनच्या काही टीव्हींत आला. तुझ्या टीव्हीत असेल तर तोच घे, कारण त्यात बहुतेक ढवळाढवळ आपोआप बंद होते. चित्र पिवळट वाटेल, बाबा लगेच ‘काविळ झाल्यासारखं दिसतंय’ म्हणतील. दोन-तीन संध्याकाळी तसंच राहू दे. दुकानातला पांढरा रंग निळसर असतो आणि डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. सिनेमाचे रंग ठरवताना जो पांढरा धरतात तो साधारण ६५०० केल्विनचा, आणि टीव्हीवरचा ‘वॉर्म’ त्याच्या सगळ्यात जवळ जातो.

आता ‘सीरियलसारखं’ का दिसतं ते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सवर चित्रित होतो आणि टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. २४ ने ६० ला भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतात. एक ३३ मिलिसेकंद टिकते, दुसरी ५०. कॅमेरा आडवा फिरला की ही विषमता बारीक हिसक्यांसारखी जाणवते. ते लपवायला टीव्ही दोन फ्रेम्सच्या मधल्या फ्रेम्स स्वतः रचून घुसवतो. हालचाल गुळगुळीत होते, पण पडद्यावरचं जग स्टुडिओत व्हिडिओवर चित्रित केल्यासारखं दिसायला लागतं. लाखो किलोमीटरवरचं यान प्लायवूडचं वाटतं ते यामुळेच. शिवाय यानाची कड ताऱ्यांवरून सरकते तेव्हा त्या रचलेल्या फ्रेम्स चुकतात आणि कडेभोवती पाण्यासारखी थरथर दिसते. सॅमसंगमध्ये हे ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ या नावाने सापडेल. बंद कर. पडदा १२० हर्ट्‌झचा असेल तर फारच चांगलं, कारण मग प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवता येते. पडदा ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा) असेल तर कॅमेरा संथपणे आडवा फिरताना फ्रेम्स तुटक दिसतात, कारण त्याचे पिक्सेल क्षणात बदलतात. तिथे हे सेटिंग अगदी तळाच्या पायरीवर ठेवलंस तरी चालेल.

वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स जोडला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ शोधून चालू कर. नाहीतर बॉक्स स्वतःच सगळं ६० करून पाठवतो आणि टीव्हीला मूळचे २४ कळतच नाहीत. सेट-टॉप बॉक्सची गोष्ट निराळी. आपल्याकडचं प्रसारण पहिल्यापासून ५० हर्ट्‌झचं, त्यामुळे २४ फ्रेम्सचा सिनेमा तिथे बहुतेक वेळा २५ वर पळवतात. तो चार टक्के लवकर संपतो आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते. कान तयार असलेल्या माणसाला पार्श्वसंगीतात हा फरक लगेच कळतो. चांगला विज्ञानपट चॅनेलवर बघू नकोस.

अंधाराचा विषय मोठा आहे. ‘ब्राइटनेस’ नावाचा पर्याय बऱ्याच टीव्हीत पडद्यामागच्या दिव्याचा उजेड वाढवत नाही, काळ्याची पातळी वर-खाली करतो. तो वाढवला की आकाश राखाडी होतं, कमी केला की यानाचा सावलीतला भाग गिळला जातो. त्याला मूव्ही मोडमध्ये आहे तिथेच ठेव आणि उजेड हवा असेल तर ‘बॅकलाइट’ किंवा ‘पॅनेल ब्राइटनेस’ वाढव. सोनीत आणि नव्या सॅमसंगमध्ये मात्र ‘ब्राइटनेस’ हाच बॅकलाइट असतो आणि काळ्याला सोनीत ‘ब्लॅक लेव्हल’, सॅमसंगमध्ये ‘शॅडो डिटेल’ म्हणतात. वीज वाचवणारा मोड आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर, दोन्ही बंद कर. हा सेन्सर रात्री चित्र इतकं दाबतो की आधीच गडद असलेला प्रसंग संपूनच जातो. ‘शार्पनेस’ इतका उतरव की अक्षरांभोवतीची पांढरी किनार नाहीशी होईल. बऱ्याच कंपन्यांत ही जागा शून्यावर किंवा त्याच्या आसपास येते, सोनीत ५० वर. सोनीत शून्य केलंस तर चित्र मऊ पडेल. बॉक्स जोडूनही काळा फिका किंवा चिखलासारखा दिसला, तर बॉक्स आणि टीव्हीची ‘आरजीबी रेंज’, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मोजपट्टी, जुळत नाही असं समज. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ किंवा दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेव.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पुढच्या गोष्टीत. ही सेटिंगं टीव्ही एकदाच लक्षात ठेवत नाही. प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळी, अ‍ॅपसाठी वेगळी, साध्या चित्रासाठी वेगळी, एचडीआरसाठी (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) वेगळी आणि त्याचाच प्रकार असलेल्या डॉल्बी व्हिजनसाठी आणखी वेगळी. म्हणून सगळं नीट लावूनही एचडीआर सिनेमा सुरू झाला की चित्र पूर्वीसारखंच भडक होतं. सिनेमा चालू ठेव, कोपऱ्यात एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनची खूण दिसू दे आणि मग मेन्यूत जाऊन सगळं पुन्हा कर. एचडीआरमध्ये बॅकलाइट पूर्ण असू दे.

खोलीचंही बघ. समोरच्या भिंतीवरची ट्यूब पडद्यात दिसते, ती विझव. सोसायटीच्या गेटचा दिवा खिडकीतून येतो, जाड पडदा ओढ. पण संपूर्ण काळोख करू नकोस, डोळे दुखतात. टीव्हीच्या मागे पांढऱ्या प्रकाशाचा झीरोचा बल्ब लाव. त्याचा उजेड भिंतीवर पडावा, पडद्यावर पडू नये. त्याने काळा आणखी काळा भासतो. ५५ इंची पडद्यासाठी साडेपाच ते सव्वासात फूट अंतर योग्य, म्हणजे सोफा फूटभर पुढे ओढ. शोकेसच्या वर टांगला असेल तर खाली घे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर यावा. बाजूच्या खुर्चीवरून बाबांना चित्र फिकट दिसत असेल तर पॅनेल व्हीए जातीचं (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) असणार. त्याचा काळा छान असतो, पण समोरूनच. बाबांना सोफ्याच्या मध्यावर बसव.

तेजोमेघासारख्या प्रसंगांत रंगांचे पट्टे पडतात तो बहुतेक वेळा नेटचा दोष असतो. ४के चित्राला सलग १५ ते २५ एमबीपीएस लागतात आणि तेवढे नसले की सेवा दर्जा उतरवते. त्याचा मार आधी गडद भागांवर पडतो, कारण तिथले बारीक फरक सगळ्यात आधी कापले जातात. राऊटरपासून लॅनची वायर टाकलीस की प्रश्न मिटतो. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, पण एवढ्याला ते पुरतं.

आवाजाचं कारण सोपं आहे. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर धरून केलेल्या ध्वनीत, संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली तोंड केलेले, त्यामुळे स्फोटांच्या आवाजाखाली संवाद दबतात. अ‍ॅपच्या भाषा-मेन्यूत ‘इंग्लिश ५.१’ ऐवजी नुसतं ‘इंग्लिश’ निवड. पुढेमागे साउंडबार घेतलास तर २.१ घेऊ नकोस, ३.१ घे, कारण त्यातला ३ म्हणजे संवादाचा मधला स्पीकर. जोडणी ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टलाच कर. वूफर थेट लादीवर ठेवू नकोस. स्लॅबमधून धडधड खालच्या मजल्यावर पोचते, म्हणून जाड रबराचा तुकडा घाल.

आता काय बघायचं. ‘द एक्स्पान्स’पासून सुरुवात कर. ६२ भाग आहेत, इथेच टोरोंटोत चित्रित झाले. मला ही मालिका मनापासून आवडते, कारण ती एकच सवलत मागते: इंधन जवळपास न संपणारं इंजिन. ते एकदा मान्य केलं की बाकी सगळं न्यूटनच्या हिशेबाने चालतं. यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, इंजिन तळाला, त्यामुळे जोर लागला की पाय जमिनीला टेकतात. निम्म्या वाटेवर यान उलटं फिरवायचं आणि तेवढाच वेळ ब्रेक लावायचा. मंगळ बऱ्यापैकी जवळ असतानाचं साडेसात कोटी किलोमीटर अंतर पृथ्वीच्या एक तृतीयांश गुरुत्वाइतक्या सलग जोराने साधारण साडेतीन दिवसांत कापता येतं, हवं तर कागदावर करून बघ. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, कारण त्याचं इंजिन थोडाच वेळ पेटायचं आणि उरलेला सगळा प्रवास नुसत्या वाहत जाण्याचा होता.

एके ठिकाणी मात्र मालिका वाढवून दाखवते. सेरेस या बटुग्रहाला मालिकेत वजन भासावं म्हणून गिरकी दिलेली आहे. तिथे मिलर हा पोलीस ग्लासात दारू ओततो आणि धार तिरकी वळत पडते. गिरकी घेणाऱ्या जगात असं होतं हे खरं, पण सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. एवढ्या मोठ्या चाकाच्या काठावर वीतभर उंचीवरून पडणारी धार जेमतेम केसाएवढी हलेल. अक्षाच्या अगदी जवळच्या गल्ल्यांतच ती डोळ्यांना दिसेल. तरी तो शॉट मला प्रिय आहे. संवादाचा एक शब्द न खर्चता तो सांगतो की आपण पृथ्वीवर नाही.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) वहिनीला संथ वाटेल. तो रविवारी दुपारी लावू नका. रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यातलं, यानाच्या आत वजन भासावं म्हणून फिरणारं चाक खरोखर बांधलं होतं, व्यास ३८ फूट. तिथे चंद्रावरच्याइतकं वजन भासायला मिनिटाला पाच फेऱ्या लागतील आणि उभ्या माणसाच्या डोक्याला पायांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी ओढ लागेल. नुसती मान वळवली तरी गरगरेल. मिनिटाला दोनच फेऱ्यांत पृथ्वीइतकी ओढ हवी असेल तर व्यास साडेचारशे मीटर लागतो. खरी स्थानकं अजून अशी का बांधत नाहीत, याचं मोठं कारण या आकड्यात आहे. बाहेरच्या दृश्यांत तिथे स्फोटाचा, इंजिनाचा आवाज नाही, कधी फक्त श्वास, कधी तोही नाही. आवाज गेला म्हणून रिमोट उचलू नका.

‘इंटरस्टेलर’ची डिस्क लावलीस तर वर-खालच्या काळ्या पट्ट्या मधेच जातील आणि पुन्हा येतील. आयमॅक्स कॅमेऱ्याचे प्रसंग उंच चौकटीचे आहेत, म्हणून झूम दाबू नकोस. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो हे त्यात बघून लोक थक्क झाले. जयंत नारळीकरांनी याच विषयावरची कथा १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली होती. ती परिषद आपल्या मुंबईतली, चुनाभट्टीची. चिंगीला ‘कृष्णविवर’ आधी वाचून दाखव आणि मग सिनेमा लाव. वरळीचं तारांगणही त्याच आठवड्यात झालं तर उत्तम.

‘स्टार ट्रेक’च्या ऐंशी-नव्वदीतल्या मालिकांबद्दल विचारलं होतंस. ‘नेक्स्ट जनरेशन’ स्वच्छ आणि ‘डीप स्पेस नाइन’ धूसर का? दोन्ही ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाल्या, पण संकलन आणि यानांची दृश्यं व्हिडिओ टेपवर तयार झाली, कमी रेषांत. पहिलीसाठी मूळ निगेटिव्ह काढून प्रत्येक भाग नव्याने जोडला, दृश्य-परिणामही पुन्हा एकत्र केले. दुसरीच्या नशिबी हा खर्च आला नाही. म्हणून ती बघताना टीव्हीचं ‘एआय अपस्केलिंग’ (कमी रेषांच्या चित्रात तपशील स्वतः भरणारं सेटिंग) बंद ठेव, नाहीतर चेहरे मेणाचे होतात. चौकट ४:३ च राहू दे. ताणलीस तर गोल ग्रह अंडाकृती होतील.

‘स्टार वॉर्स’च्या जगातली ‘द मँडलोरियन’ (२०१९) ही मालिका चिंगीला आवडेल. त्यातलं वाळवंट बऱ्याच वेळा २० फूट उंच, ७५ फूट व्यासाच्या एलईडी भिंतीवर दाखवलेलं आहे. नायकाच्या चकचकीत शिरस्त्राणात मावळतीचा उजेड खरा दिसतो तो त्यामुळे. पण पात्रं एका मर्यादित गोलाबाहेर फारशी जात नाहीत, हे एकदा लक्षात आलं की सारखं दिसत राहतं.

टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की मोशनचं सेटिंग कधी कधी परत चालू होतं, तेवढं तपासत जा. सगळं लावून झालं की मेन्यूचे फोटो पाठव, एचडीआर चालू असतानाचा वेगळा.

तुझी,
मनू