रविवारच्या मॅरेथॉनबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर विषय काढला की आई म्हणते, "बाबांना नको सांगूस", आणि बाबा म्हणतात, "आईच्या कानावर घालू नकोस". म्हणून दोघांना एकदमच लिहितेय. येत्या रविवारी मी मॅरेथॉन पळणार आहे. पूर्ण, 42.195 किलोमीटरची. नाव मागेच नोंदवलं होतं आणि आता ते मागे घेणार नाही.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. माझा सराव झालेला नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि रात्री पडल्या पडल्या तुम्ही त्याचा दोष कुणावर घ्याल हे मला माहीत आहे. तसं काही मनात आणू नका. ते महिने मला तुमच्या खाटेशेजारीच असायचं होतं. सरावासाठी मी ते कुणाला दिले नसते.

"मग पुढच्या वर्षी पळ की," असं आई म्हणेल. आई, मला एक दिवस असा हवाय की ज्यात गोळ्यांच्या वेळा नाहीत, रिपोर्ट नाहीत, लिफ्टची वाट बघणं नाही. फक्त माझे पाय आणि रस्ता. तुमचं करून मी दमले असा याचा अर्थ काढू नका, तसं अजिबात नाही. इतके दिवस छातीत जे धरून ठेवलं होतं, ते मला कुठेतरी मोकळं सोडायचंय.

आता तात्यांचं जे झालं ते तुमच्या डोळ्यासमोर येणार. म्हणून नाव नोंदवल्यावर पहिलं काम केलं ते डॉक्टरांना घरातला सगळा इतिहास सांगण्याचं. ईसीजी झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, दोन्ही चांगले आले. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात लांब पल्ल्याच्या शर्यती पळलेल्या एक कोटीहून जास्त लोकांची नोंद तपासली गेली. त्यात शर्यतीत हृदय बंद पडण्याचं प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी निघालं, आणि त्यातल्या बहुतेकांना हृदयाचा आजार आधीपासूनच होता. बाबा, तुम्हाला आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून हे लिहिलं.

माझा दम चांगला आहे, रोजच्या सायकलीने तो टिकलाय. काळजी आहे ती पायांची. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, आणि स्नायूबंधांना त्याची सवय व्हायला हृदय-फुप्फुसांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून मी सलग पळणारच नाही. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून, दमल्यावर नव्हे. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन ऑलिंपिक धावपटू 1970 च्या दशकापासून नवख्यांना हेच शिकवत आला. मुदत सात तासांची आहे, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटांच्या जरा आत. तेवढं जमेल. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगातली साठवलेली साखर संपत येते आणि भलेभले तिथे अडकतात. त्यानंतर मी बहुतेक चालेनच. गुडघ्यात कळ आली, पाऊल वाकडं पडायला लागलं किंवा छातीत जरा जरी काही वाटलं, तर तिथल्या तिथे थांबेन. मागून बस येत असते, तीत बसेन. तुम्हाला दिलेला शब्द आहे हा.

आई, तू म्हणशील पाणी पीत राहा. तहान लागेल तसंच पिणार आहे. उगाच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते फार धोक्याचं असतं. दुखण्याची गोळीही आधी घेणार नाही, मूत्रपिंडांवर ताण येतो.

बूट नवे नाहीत, पायात चांगले रुळलेत. घेताना बाबा, तुमची फार आठवण आली. शाळेचे बूट घेताना तुम्ही खाली बसायचात, टोकावर अंगठा दाबून बघायचात आणि दुकानदाराला सांगायचात, "अजून एक नंबर मोठा दाखवा." मी कुरकुर करायचे. या वेळी मीच वाकून अंगठा दाबून बघितला. लांब पळताना पाय सुजतात, बोटांपुढे तेवढी जागा लागतेच, नाहीतर नखं काळी पडतात.

आता नीट ऐका. मोबाईलवर माझा शर्यतीचा नंबर टाकलात की मी कुठे आहे ते दिसेल, पण ते सतत दिसत नाही. रस्त्यात ठरावीक ठिकाणी पट्ट्या अंथरलेल्या असतात. त्यांच्यावरून गेलं की बिबमधल्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदातल्या, चिपची नोंद होते. मधला सगळा वेळ स्क्रीन तशीच राहणार. माझी गती बघता तासभरही काही हलणार नाही, आणि त्याचा अर्थ मी पडले असा होत नाही. बिबच्या मागे माझा रक्तगट लिहिलाय आणि दादाचा फोन नंबर. तुमचा मुद्दाम लिहिला नाही, रागावू नका. काही असलं तर दादा तुम्हाला सांगेल, समोर बसून.

बाबा, सकाळची गोळी माझ्या नादात चुकवायची नाही. चालायलाही नेहमीच्या वेळेला जायचं, मोबाईल घरी ठेवून. आई, तू उपाशी बसून राहू नकोस. मला दुपार होणार आहे.

सोमवारची रजा टाकली आहे. दोन-तीन दिवस मांड्या दुखतील, जिना उतरताना जास्तच, तेव्हा आवाज ओढलेला वाटला तर घाबरू नका. आणि पुढच्या तपासणीला बाबांबरोबर मीच येणार. दादाला तसं सांगून ठेवा, फाईल माझ्याकडेच आहे.

तुमची,
चिमी