मूळ सिग्नलही जपून ठेवा

महोदय,

डेटा लॉगरच्या (सेन्सरची मापं आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांवर हल्ली मोठमोठे निर्णय होतात, पण तो आकडा कोणत्या समीकरणातून आला, हे क्वचितच कोणी विचारतं. प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून त्याचा विद्युत सिग्नल पाठवणारी उपकरणं, बसवणं आणि कॅलिब्रेट करणं हेच माझं काम आहे, म्हणून लिहितो.

सेन्सरकडून बार (दाबाचं एकक) किंवा अंश सेल्सिअस येत नाहीत. करंट, व्होल्टेज नाहीतर रेझिस्टन्स येतो. समजा, ट्रान्समीटर 0 ते 10 बारचा आणि आउटपुट 4 ते 20 मिलिअँपिअर. करंटमधून 4 वजा करा, 10 ने गुणा, 16 ने भागा. 12 मिलिअँपिअरला 5 बार. एका ठिकाणी बिघडलेल्या ट्रान्समीटरच्या जागी 0 ते 16 बारचा आला, समीकरण मात्र जुनंच राहिलं. लाइनमध्ये 8 बार, पडद्यावर 5! कोणालाच शंका आली नाही, कारण 5 बार तिथे सहज पटणारा आकडा होता. पुढे गेजशी ताडल्यावर चूक कळली, पण ट्रान्समीटर बदलल्याची तारीखच लिहिलेली नव्हती. मग कुठपासूनचे आकडे 1.6 ने गुणायचे?

याहून वाईट सवय शून्याची आहे. शून्य दाबालाही 4 मिलिअँपिअर ठेवलेत ते मुद्दाम. वायर तुटली की करंट 0 होतो आणि वरच्या समीकरणातून उणे 2.5 बार येतात. असा अशक्य आकडा म्हणजे सरळ बिघाडाची वर्दी. पण रिपोर्टमध्ये उणे आकडे बरे दिसत नाहीत म्हणून शून्याखालचं सगळं शून्य करून टाकतात. मग तुटलेली वायर आणि दाब नसलेली लाइन यांत फरक कसा ओळखणार? मूळ करंट शेजारच्या रकान्यात असेल तरच.

थर्मिस्टरला, म्हणजे तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणाऱ्या सेन्सरला, तर सरळ रेषेचं समीकरण चालतच नाही. त्यासाठी 1968 पासून स्टाइनहार्ट-हार्ट समीकरण आहे. त्याचं उत्तर केल्विनमध्ये येतं, त्यातून 273.15 वजा करावे लागतात.

रिपोर्ट मागणाऱ्यांना कळकळीची विनंती: मूळ सिग्नल, समीकरणातले स्थिरांक, सेन्सरचा सीरियल नंबर आणि बदलाची तारीख यांचाही आग्रह धरा. मेमरी पुरत नाही, ही सबब ऐकू नका. दर मिनिटाला 4 बाइटचं एक मूल्य वर्षभर साठवलं, तरी सुमारे 2 एमबीच होतात.

– एक इन्स्ट्रुमेंटेशन तंत्रज्ञ