दत्ताच्या आईला दिलेलं उत्तर

वसमत, 14 जुलै 2024

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर तुला ना फोन केला ना पत्र लिहिलं. रागावला असशील तर तुझं बरोबर आहे. इथं सगळे बरे आहेत. आईची साखर गोळीवर आहे, बाकी ठीक.

बुधवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास इथं जमीन हलली. 4.5चा धक्का होता, मार्चमध्ये आला होता तेवढाच. तू बातमी वाचली असशील, पण आवाजाचं बातमीत येत नाही. तोच आवाज रे. गल्लीतून भरलेला टँकर जावा तसा, पण पायाखालून. हिनं पोरांना ओढत अंगणात नेलं. मी मात्र गॅससमोर उभा. पातेल्यातला चहा हेलकावला, काठावरून सांडला, शेगडी विझली, तरी माझा पाय उचलेना. हे मी घरात कुणाला समजावू? तुलाच सांगतो.

पण पत्र त्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात सातवीतल्या एका पोराची आजी उभी होती. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही विज्ञान शिकवता म्हणं. मोठा येणार हाय का? रातच्याला लेकरं घेऊन आत निजू का भाईर?" पावसाचे दिवस, बाहेर चिखल, विंचूकाटा. तिला एका शब्दाचं उत्तर पाहिजे होतं. मी म्हणालो, "आजी, मला सांगता येत नाही." ती म्हणाली, "मग कोणाला येतं?" मी म्हणालो, "कोणालाच नाही."

बाळ्या, खरं तेच बोललो, पण दोन रात्री झोप नाही. तुला 92 आठवतं ना? ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीकडं धक्के येत होते, आपण पोरं तर त्याला सरावलो होतो. गाव बाहेर झोपलं. मग धक्के थांबले आणि सगळे आपापल्या माळवदाखाली परत गेले. वर्ष गेलं. ते धक्के मोठ्याच्या आधीचे होते हे 30 सप्टेंबर 93 नंतर कळलं, आधी कळायला काही मार्गच नव्हता. लहान धक्का आणि मोठा धक्का सुरुवातीला सारखेच असतात. काही किलोमीटर खाली खडक फुटायला लागतो. ती फूट दोनशे मीटरवर थांबेल की वीस किलोमीटर धावेल, हे वरून कुणाला दिसत नाही. चीनमध्ये 1975 साली हायचेंगला लोकांना आधी घराबाहेर काढलं आणि खूप जीव वाचले. जगाला वाटलं, जमलं. पुढच्याच वर्षी तांगशान कुठल्याही इशाऱ्याशिवाय गेलं, अडीच लाखांच्या आसपास माणसं.

आणि धीर द्यावा तर त्याचीही भीती. इटलीत लाक्विलाला 2009 मध्ये कित्येक आठवडे बारीक धक्के चालू होते, लोकांना काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं गेलं. 6 एप्रिलच्या रात्री तीनशेच्या वर माणसं गेली. शास्त्रज्ञांना सहा सहा वर्षांची शिक्षा झाली, 2014 मध्ये ते अपिलात सुटले. त्या आजीला "निजा खुशाल आत" म्हणायची माझी जीभ रेटली नाही ती यामुळंच.

तू म्हणशील, पांड्या, हे सगळं तू दत्तासाठी लिहितोयस. हो.

अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून आपण तिघं खळ्यावर आडवे झालो. तू लगेच घोरायला लागलास (वहिनी म्हणतात अजून तसाच घोरतोस, बैलं बुजतील असा). दत्ता दोनदा उठून बसला. "डास लई चावायलेत रे, मी घरी जातो." आणि गेला. 3 वाजून 56 मिनिटांनी आपण दोघं खळ्यावर होतो आणि तो धाब्याखाली. सकाळी काढला तेव्हा कानामागचा गुलाल तसाच होता.

त्याच्या आईनं पत्र्याच्या शेडमध्ये मला विचारलं होतं, "माझाच दत्ता का रे?" आणि मी, अकरावी सायन्सचा, म्हणालो, काकू, भारताचा भूखंड उत्तरेला सरकतोय, त्याचा ताण साठतो. तू मला हाताला धरून बाहेर आणलंस आणि म्हणालास, तिला भूगोल काय शिकवतोस? दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. तेव्हा मी भांडलो की मी चुकीचं काय सांगितलं? आज सांगतो, उत्तर चुकीचं नव्हतं, पण तिनं ते विचारलंच नव्हतं. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तकात नाही. डास मला का चावले नाहीत, हे मला आजही माहीत नाही.

माती वर्षानुवर्षं माळवदावर टाकत गेलो, दगडी भिंतीला मातीचा जोड, म्हणून घर पडलं, हे मात्र पक्कं माहीत आहे. म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर चार पोरं घेऊन त्या आजीच्या घरी गेलो. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यावर दगड रचलेले. मार्चनंतर ते काढायला सांगितलं होतं, पण कोण काढतंय? बुधवारी त्यातला एक घसरून पाळण्याच्या दोरीजवळ पडला होता. पाळणा रिकामा होता. एकोणीस दगड उतरवले, पत्रे तारेनं आवळले. मागची भिंत पोट काढून उभी आहे, तिच्याकडेची खाट दारापाशी आणली. आजी म्हणाली, "म्हणजे आता आत निजू?" मी पुन्हा म्हणालो, "आजी, ते मला सांगता येत नाही." या वेळी तिनं चहा दिला.

मी बरोबर वागलो का? तू असतास तर तिला काय म्हणाला असतास? सरळ लिही, माझं मन राखू नकोस.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? लेकीचं ॲडमिशन पुण्यात की संभाजीनगरला? वहिनींना नमस्कार.

आणि 30 सप्टेंबरला ये. काकू थकल्यात, पुनर्वसनाच्या घरातही दार लावून झोपत नाहीत म्हणे. मी एकटा त्यांच्यासमोर बसू शकत नाही. आदल्या दिवशी लातूरच्या स्टँडवर उतर, मी घ्यायला येतो. डासांची कॉइल आण. रात्री अंगणातच टाकू.

तुझाच,
पांड्या